परक्या बंदरात बोटीवर राहून रोजची कामे कशी उरकावीत?

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे पती मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाले असून मित्राच्या भागीदारीत त्यांनी ३६ फुटी शिडाची बोट घेतली आहे. बोट सध्या मलेशियाच्या लंगकावी बेटावर आहे आणि दोघांनी तेथे सहा महिने बोटीवरच राहायचे ठरवले आहे. ताई लिहितात, "शिडे आणि इंजिन हे पाहतील, पण किराणा, गॅस, कपडे, बँक, औषधे ही कामे तिथे होतात कशी? मला काही लागले की स्कूटी काढून गंजगोलाईच्या बाजारात जायची सवय. शिवाय मला पोहता येत नाही."

ताई, मी मूळचा अंबाजोगाईचा. शिडाच्या बोटींची दुरुस्ती आणि बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवणे हाच माझा व्यवसाय असल्याने लंगकावी, थायलंडमधील फुकेत, श्रीलंकेतील गाल या बंदरांत माझे बरेच वास्तव्य झाले आहे. तुमच्या प्रश्नाचा रोख "तिथे काय मिळते" याकडे आहे, पण अडचण मिळण्या-न मिळण्याची फारशी नसते. लंगकावीचे मुख्य गाव कुआ चांगले मोठे आहे. तेथे सुपरमार्केट, हार्डवेअरची दुकाने, औषधांची दुकाने, बँका, सरकारी रुग्णालय असे सारे आहे, आणि १९८७ पासून हे बेट करमुक्त असल्याने काही वस्तू मुख्य भूमीपेक्षा स्वस्तही पडतात. खरी अडचण ही की विकत घेतलेली वस्तू दुकानातून बोटीपर्यंत आणायची कशी, आणि तुम्ही दुकानात असताना बोट जागेवर राहते की नाही. बोटीवरच्या दिवसाची आखणी या दोन गोष्टींवर होते, सामानाच्या यादीवर नाही.

यातील बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. बोट मरिनात, म्हणजे भाडे भरून बोटी लावायच्या खास बंदरात, तरंगत्या धक्क्याला बांधलेली असेल, तर वीज आणि पाण्याचा नळ दाराशी असतो, ट्रॉली ढकलत सामान थेट बोटीपाशी आणता येते आणि पुढे लिहिलेल्यापैकी निम्मे तुम्हाला लागूच होणार नाही. भाड्याचे पैसे मात्र दरमहा मोजावे लागतात. बोट खाडीत नांगरावर उभी असेल, तर किनारा आणि बोट यांच्यामध्ये डिंगी येते, म्हणजे लहानशी रबरी होडी, आणि प्रत्येक काम तिच्यातूनच जाते. माझा सल्ला असा की पहिला महिना तरी मरिनात काढावा. तेवढ्यात गाव, दुकाने, कार्यालये ओळखीची होतात आणि मग नांगरावर जाणे जड वाटत नाही. सुरुवातीपासून पैसे वाचवायला निघालेली जोडपी पहिल्याच महिन्यात एकमेकांवर वैतागलेली मी पाहिली आहेत.

नांगरावर राहू लागल्यावर पहिली सवय मोडावी लागते ती "लागले की गेलो" ही. किनाऱ्यावरची एक खेप हेच मोजमाप धरावे. समजा फक्त सिमकार्ड आणायचे आहे. त्यासाठी डिंगी पाण्यात सोडायची, तिच्या मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन सुरू करायचे, धक्क्यावर जागा शोधून बांधायचे, कुलूप लावायचे, भर उन्हात चालत किंवा टॅक्सीने दुकान गाठायचे, पासपोर्ट दाखवून कार्ड घ्यायचे आणि हे सगळे उलट्या क्रमाने पुन्हा करायचे. सिमकार्डाला दहा मिनिटे लागतात, खेपेला अर्धा दिवस जातो. म्हणून अनुभवी माणूस कामे साठवतो आणि एका खेपेत क्रमाने करतो. कार्यालये व बँक सकाळी उघडताच, त्यानंतर हार्डवेअर आणि औषधे, मग भाजी, आणि दूध, मासळी, बर्फ यांसारखे नासणारे किंवा वितळणारे सगळ्यात शेवटी. एका खेपेत जड वस्तू एकच, हाही माझा नियम आहे. गॅसची टाकी आणायच्या दिवशी पाण्याचे कॅन नाहीत आणि तांदळाचे पोतेही नाही.

ही खेप भरती-ओहोटी पाहून ठरवावी लागते, आणि मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण आपल्याकडचे पाणी चढते-उतरते ते वर्षाच्या हिशेबाने. तेथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि पाण्याची पातळी माणसाच्या उंचीहून अधिक वरखाली होते. सकाळी भरतीला तुम्ही डिंगी आखूड दोरीने धक्क्याच्या कड्याला बांधली आणि दुपारी ओहोटीला परतलात, तर दोन गोष्टी झालेल्या असू शकतात. एक तर डिंगीचे नाक दोरीला लटकून मागचा भाग पाण्यात गेलेला असतो, नाहीतर पाणी मागे हटून डिंगी चिखलात बसलेली असते आणि ती ओढत न्यायला गुडघाभर गाळात उतरावे लागते. म्हणून दोरी लांब ठेवावी, आउटबोर्ड वर उचलून ठेवावा, म्हणजे त्याचा पंखा तळाला लागत नाही, आणि इतरांच्या डिंग्या अडतील अशी बांधू नये. धक्क्याच्या पायऱ्या ओहोटीला उघड्या पडतात तेव्हा खालच्या पायऱ्यांवर हिरवे शेवाळ आणि कडेला धारदार कालवे असतात. तेथे चपला घालूनच पाय ठेवावा आणि हाताने कड धरू नये. कालवाने कापले तर ती जखम खाऱ्या, दमट हवेत लवकर भरत नाही. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तर कधीच उतरू नये. एकाने डिंगीत बसावे, दुसऱ्याने वरून एकेक पिशवी द्यावी. पीठ, साखर, कागदपत्रे आणि फोन जलरोधक पिशवीतच ठेवावेत, कारण परतताना समोरून वारा असला की प्रत्येक लाटेचा तुषार अंगावर येतो. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून शक्यतो त्याआधी बोटीवर परतावे.

आता बोट जागेवर राहण्याविषयी. नांगर टाकल्यावर इंजिन उलट चालवून तो तळात रुतला आहे याची खात्री करावी, पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट साखळी सोडावी, आणि नव्या जागी पहिल्या दिवशी दोघांनी एकदम बोट सोडू नये. वारा आणि भरतीचा प्रवाह दोन्ही एकदा फिरून गेले आणि बोट तेथेच राहिली, तर मग विश्वास ठेवायला हरकत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सुमात्रा बेटाकडून अचानक वादळी वारे येतात. त्यांना तेथे सुमात्राच म्हणतात. ते बहुधा पहाटेच्या सुमारास येऊन तास-दोन तासांत ओसरतात, पण तेवढ्यात कच्चा पडलेला नांगर सरकतो. त्यामुळे या महिन्यांत बोट एक-दोन दिवस बंद ठेवून मुख्य भूमीवर काही काम काढायचे असेल, तर तेवढ्यापुरती ती मरिनात लावावी. डिसेंबर ते मार्च हा त्या मानाने कोरडा आणि निवांत काळ असतो. तुमचे सहा महिने कोणते, ते तुम्ही लिहिलेले नाही.

लंगकावी हे केदाह राज्यात येते आणि तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. रविवारी बँका आणि कार्यालये उघडी असतात. शनिवारी सकाळी उत्साहाने कागदपत्रे घेऊन गेलेला आणि बंद दार पाहून परतलेला भारतीय मला दरवर्षी भेटतो. गुरुवारी मात्र सगळीकडे गर्दी असते. भाजीपाला व तयार खाण्यासाठी बेटावर रात्रीचा बाजार भरतो. तो रोज वेगळ्या गावात असतो, अगदी आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखा. कुआमध्ये तो बुधवारी आणि शनिवारी असतो. बेटावर बससेवेच्या भरवशावर राहता येत नाही. टॅक्सी, ग्रॅब (मोबाइल ॲपवरून बोलवायची गाडी) किंवा भाड्याची स्कूटर हेच पर्याय आहेत. तुम्हाला स्कूटी चालवता येते ही मोठी जमेची बाजू आहे. निघण्यापूर्वी लातूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो. परवान्याविना स्कूटर भाड्याने देणारे भेटतील, पण अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

गॅसच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो, कारण घरात गॅस वापरून आपण निर्धास्त झालेलो असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर दार-खिडक्या उघडल्यावर बराचसा निघून जातो. बोट मात्र खालून पूर्ण बंद असते, त्यामुळे गळलेला गॅस तळाशी असलेल्या खोलगट जागेत, म्हणजे बिल्जमध्ये, साचून राहतो, आणि पंपाची किंवा इंजिनाच्या स्टार्टरची एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून टाकी कधीही आत ठेवू नये. ती बाहेरच्या बंद कप्प्यातच असावी आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारे भोक असावे. ते भोक दोऱ्यांनी किंवा कचऱ्याने बुजलेले नाही ना, हे तुम्ही स्वतः पाहा, तुमच्या साहेबांवर सोडू नका. स्वयंपाक झाला की शेगडीचे बटण बंद करून भागत नाही, टाकीवरची झडपही बंद करावी लागते.

टाकी भरून आणण्याची अडचण अशी की बोट ज्या देशातून आली त्या देशाचे फिटिंग तिच्या टाकीला असते. लंगकावीतल्या साध्या दुकानात मलेशियन टाकी देऊन मलेशियन टाकीच मिळते, परदेशी टाकी तेथे कोणी बदलून देत नाही. ती भरून देणारे ठरावीक लोक असतात आणि त्यांचा पत्ता मरिनाच्या कार्यालयात किंवा शेजारच्या बोटीवर विचारला की कळतो. टाकी देताना रिकामे वजन लिहून ठेवा आणि परत घेताना काट्यावर ठेवून पाहा. उष्ण प्रदेशात टाकी ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरू देऊ नये, कारण द्रवरूप गॅस तापून फुगतो आणि त्याला जागा लागते. "जास्त भरून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणावे. टाकी जोडल्यावर जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे दिसले तर पुन्हा आवळून पाहावे, आणि तरीही दिसले तर वायसर बदलावा. दोन टाक्या ठेवाव्यात आणि पहिली संपली त्याच आठवड्यात ती भरून आणावी.

पाण्याविषयी लातूरकराला काय सांगायचे! २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना भांडी कमी पाण्यात कशी निघतात हे ठाऊक असते. एवढेच लक्षात ठेवा की वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि तो डिंगीतून बोटीवर उचलून चढवायचा असतो. गुडघे किंवा पाठ कुरकुरत असेल तर दहा लिटरचे कॅन घ्या. नांगरावर दोन माणसांना काटकसरीने दिवसाला पंधरा-वीस लिटर गोडे पाणी पुरते. भांडी समुद्राच्या पाण्याने धुऊन शेवटी गोड्या पाण्याने विसळली तर त्याहून कमी लागते, पण हे खुल्या स्वच्छ पाण्यातच करावे, बंदरातल्या तेलकट पाण्यात नाही. कपडे मात्र किनाऱ्यावरच धुऊन आणावेत. तेथे "दोबी" अशा पाटीची दुकाने आणि नाणी टाकून चालणारी यंत्रे आहेत. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा पूर्ण वाळत नाही, कारण त्यातले मीठ हवेतील ओल ओढत राहते.

किराण्यात तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, मोहरी, तांदूळ यांची चिंता करू नका. मलेशियात तमिळ वस्ती मोठी असल्याने हे मिळते. ज्वारीचे पीठ मिळेलच असे धरून चालू नये, आणि लातूरहून दहा किलो नेले तरी त्या दमट हवेत ते लवकर खराब होते. थोडेसे, हवाबंद पाकिटांत न्यावे. येसर, काळे तिखट, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी कोरडी करून छोट्या पाकिटांत बांधली की बरेच दिवस टिकते. मसाल्यात खसखस मात्र घालू नका. विमानाने जाताना सिंगापूरमार्गे जाल किंवा पुढे बोटीने सिंगापूरला जाल, तर तेथे खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, आणि आखाती देशांतही तीच गत आहे. बेटावरून आणलेल्या सामानाचे खोके बोटीवर चढवू नयेत, सामान धक्क्यावरच पिशव्यांत काढून घ्यावे. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात आणि बोटीवर एकदा झुरळ झाले की ते निघता निघत नाही. अंडी न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली मिळाली तर तीच घ्यावीत, ती बाहेर अधिक टिकतात. कांदा, लाल भोपळा आणि कोबी ही बोटीवरची खात्रीची भाजी. पालेभाजी आणली त्याच दिवशी संपवावी.

बँकेचे काम म्हणजे मुख्यतः ओटीपीचे काम. तुमचा भारतीय मोबाइल क्रमांक बंद पडला की खाते असूनही पैसे हलत नाहीत. त्यामुळे तो क्रमांक आंतरराष्ट्रीय रोमिंगसह चालू ठेवा, सहा महिन्यांचे रिचार्ज आधीच करा आणि ते सिम फोनमधून काढू नका. स्थानिक सिमसाठी दुसरा फोन किंवा दुसरी खोबण वापरा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरील परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करावे लागतात. ते लातुरातच करून घ्या आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डे न्या, एक पाकिटात आणि एक बोटीवर. यूपीआय सर्वत्र चालेल असे समजू नका. श्रीलंका व मॉरिशसमध्ये ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण बाजारातल्या भाजीवाल्याला कोठेही रोख रक्कमच लागते.

तुम्ही न विचारलेली, पण सर्वांत अडवणारी बाब मुक्कामाची आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, तो एका वेळी ३० दिवसांपर्यंतचा, आणि ही सवलत ठरावीक मुदतीपुरती आहे. बोटीला राहण्याची परवानगी आणि माणसाला राहण्याची परवानगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. बोट सहा महिने राहू शकली म्हणून तुम्ही राहू शकता असे होत नाही. थायलंडची सागरी हद्द उत्तरेला जवळच असल्याने बोटीने तिकडे जाऊन परत येणारे पुष्कळ आहेत. तरी पुन:पुन्हा तसे केल्यास अधिकारी कारण विचारू शकतो, आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. तेव्हा सहा महिन्यांचे नियोजन दोन देशांत विभागून करा. बोटीने निघताना इमिग्रेशन, कस्टम्स आणि हार्बर मास्टर (बंदर अधिकारी) या तिन्ही ठिकाणी जावे लागते आणि पुढचे बंदर मागच्या बंदराचा परवाना मागते, म्हणून बोटीची नोंदणी, क्रू लिस्ट आणि पासपोर्ट यांच्या भरपूर प्रती छापून ठेवा. पासपोर्टचे नूतनीकरण जवळ आले असेल तर ६० पानी मागा, शिक्क्यांनी पाने झपाट्याने भरतात. एकमार्गी तिकिटावर विमानात बसणार असाल तर काउंटरवर परतीचे तिकीट विचारतात. अशा वेळी बोटीचे कागद आणि मालकाचे पत्र हाताशी असावे.

रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे सहा महिन्यांची न्यावीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, जिच्यात औषधाचे ब्रँडचे नाही तर रासायनिक नाव असेल. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध शक्यतो नेऊच नये, अमली पदार्थांबाबत तेथील कायदा फार कडक आहे. कुआमधील सुलताना मलिहा रुग्णालयात तातडीचे उपचार होतात.

राहिला पोहण्याचा प्रश्न. पोहता न येणारी माणसे बोटींवर आनंदाने राहतात, पण डिंगीत पाऊल टाकण्याआधी लाइफ जॅकेट अंगात हवे, समुद्र आरशासारखा शांत असला तरी. दुसरे म्हणजे डिंगी चालवायला तुम्ही स्वतः शिका. आधी वल्ही, मग आउटबोर्ड. इंजिनाच्या किल-कॉर्डची लाल दोरी मनगटाला अडकवायची, म्हणजे तुम्ही तोल जाऊन पाण्यात पडलात तर इंजिन आपोआप बंद पडते आणि डिंगी तुमच्यावर फिरून येत नाही. हे चार सकाळी मरिनाच्या शांत पाण्यात जमते. तोपर्यंत तुमची प्रत्येक कोथिंबिरीची जुडी साहेबांच्या सवडीवर अवलंबून राहील, आणि सहा महिन्यांत त्याचा कंटाळा दोघांनाही येईल.

बोटीच्या पाण्याच्या टाकीची क्षमता, गॅसच्या टाकीचे फिटिंग कोणत्या देशाचे आहे आणि तुम्ही कोणत्या महिन्यात पोहोचणार आहात, एवढे कळवलेत तर पहिल्या पंधरा दिवसांच्या खेपा कशा लावाव्यात ते लिहून पाठवतो.